जगाची पंगत आणि ओले काजू

देवव्रतकाका पुण्याच्या कॉलेजात जगाची व्यवस्था लावतात. घरी त्यांच्या चपला कुठे आहेत ते काकू सांगते, पण कुठल्या देशाने कुठे थांबावं ते मात्र काका स्वतः सांगतात.

पाडव्यानंतरच्या रविवारी नागावला आमच्या वाडीत कुलदेवीचा नैवेद्य असतो. त्या दिवशी आमच्या होमस्टेच्या खोल्या कुणाला द्यायच्या नाहीत. सगळं कूळ जमतं आणि ओल्या काजूंची उसळ होते. ज्यांनी फक्त पाकिटातले खारे काजू खाल्लेत त्यांना ही काय चीज आहे ते सांगून कळणार नाही. शिवाय हे काजू सोलायचे म्हणजे शिक्षाच. चीक लागला की बोटांची सालटी निघतात. आई, काकू, कुमुदआत्या आणि मी, आमची चौघींची बोटं आदल्या दिवसापासून चुरचुरत होती.

आणि एवढं करून पहिली पंगत बाप्यांची, दुसरी आमची. दुसऱ्या पंगतीपर्यंत उसळीत उरतो बटाटा. मला आठवतंय तेव्हापासून मी काजूच्या रश्श्यातला बटाटा खातेय. काकांचा विहंग पाचवीत आहे, पण बसता यायला लागल्यापासून तो पहिल्या पंगतीला. गंमत म्हणजे एरवी होमस्टेला येणाऱ्या मुंबईच्या पाहुण्या बायका आमच्या ओटीवर नवऱ्यांच्या शेजारी बसून गरम गरम जेवतात, कारण त्या पैसे देतात. फुकट राबणारीने मागून जेवायचं. यंदा मी नववी संपवून दहावीत चाललेय आणि मी ठरवलं होतं, काजू खायचेच.

सकाळी मी अंगणात केळीची पानं पुसत होते. काका खुर्चीत बसून तात्यांना सिद्धान्त समजावत होते. तात्या म्हणजे बाबांचे काका, कुळात सर्वांत वडील. त्यांना साखरेचा त्रास, त्यामुळे सिद्धान्तापेक्षा घड्याळाकडे लक्ष जास्त.

“तात्या, परदेशी मासिकाने लेख स्वीकारलाय माझा.”

“वा! जेवायला अजून किती वेळ रे?”

“बघा, जगात सरकार नाही, पोलीस नाहीत. तरी एवढे देश एकमेकांचे गळे का धरत नाहीत?”

“धरतात की,” मी म्हटलं.

“अनुया, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. कारण तात्या, जग म्हणजे पंगत! प्रत्येकाला आपलं पान माहीत असतं. मोठे देश पहिल्या पंगतीला, धाकटे दुसऱ्या. धाकटे थांबतात, कारण आपलीही पाळी येणार हा त्यांना भरवसा असतो. तो भरवसा म्हणजेच व्यवस्था. समता नव्हे, क्रम!”

“आणि पाळी आली तेव्हा नुसता बटाटा उरला असेल तर?”

“तर तो त्यांच्या ऐतिहासिक वाट्याचा बटाटा,” काका म्हणाले. विहंग फिदीफिदी हसला. त्याला काय कळलं देव जाणे.

“बरं काका, पण वाढतं कोण?”

“म्हणजे?”

“सगळे देश बसले. मग वाढतंय कोण?”

“ते गृहीत आहे गं.”

“लेखात लिहिलंय?”

“गृहीत असतं ते लिहीत नाहीत. जा, पानं मांड. मला व्याख्यानासाठी पहिल्या पंगतीचा फोटो काढायचाय, ओळ सरळ हवी.”

मी स्वयंपाकघरात गेले. कुमुदआत्या उसळीला ओलं खोबरं लावत होती. ती अलिबागला बँकेत मॅनेजर होती, त्यामुळे रांग मोडणाऱ्यांना वठणीवर आणायची तिला सवय आहे. मी म्हटलं, “आत्या, आपण गृहीत आहोत.”

“कोण म्हणतं?”

“देवव्रतकाका. परदेशी मासिकात.”

आत्याने डाव खाली ठेवला. “बरं. मग बघू या गृहीत धरून जेवता येतं का.”

काकू पटकन हो म्हणाली. प्रश्न आईचा होता. “अगं, नैवेद्याच्या दिवशी? लोक काय म्हणतील?” ती म्हणाली आणि भाताचं पातेलं झाकून उभीच राहिली. पहाटेपासून ती उभीच होती.

पंगत बसली. आम्ही मीठ वाढलं, लिंबू वाढलं, चटणी वाढली. काकांनी सरळ ओळीचा फोटो काढला आणि आपल्या पानावर जाऊन बसले. मग आम्ही समोर आणखी चार पानं मांडली, त्यांवरही मीठ, लिंबू, चटणी वाढली आणि बसलो. तीन जणी. आई दारात.

आमच्याकडे भातावर तूप पडून श्लोक झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. त्यामुळे सगळे बाप्ये चटणीकडे बघत बसले.

“हे काय चाललंय?” काका म्हणाले.

“क्रम,” आत्या म्हणाली. “बसलोय आम्ही. वाढा म्हणावं.”

“कुणाला म्हणावं?”

“गृहीताला!” मी म्हटलं.

“अनुया, हा पोरकटपणा आहे. जागतिक राजकारणात असं होत नसतं.”

“मग तिथे वाढतं कोण, काका?”

काका आईकडे वळले. “वहिनी, तुम्ही तरी! तात्यांना वेळेवर जेवण लागतं.”

सगळे आईकडे बघायला लागले. आईने पातेलं उचललं असतं तर संपलंच होतं. आईने पातेलं उचललं. पंगतीच्या मधोमध आणून ठेवलं, भातवाढणी त्यात खोचली आणि चौथ्या पानावर येऊन बसली. “वेळेवरच आहे भाऊजी,” ती म्हणाली. “गरम आहे, फडक्याने धरा.”

मग तात्या गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. “देवा, तुझ्या जगाचं नंतर बघू. मला चक्कर आली तर डॉक्टर तुझा सिद्धान्त टोचणार नाही. बस तू, मी वाढतो.”

म्हाताऱ्या माणसाने वाढायचं आणि आपण बसायचं, हे काही काकांच्या लेखात बसेना. ते उठले. उपरणं सावरताना ते वरणात बुडालं. भाताची मूद कुणाला डोंगराएवढी, कुणाला लिंबाएवढी. तूप वाढताना विहंगच्या कोशिंबिरीच्या जागी तळं झालं. बाबा लाजत लाजत उठले आणि कोशिंबीर घेऊन मागे निघाले. आत्याने बसल्या जागेवरून काकांचा फोटो काढला. “व्याख्यानाला लाव हो,” ती म्हणाली.

उसळीचं भांडं घेऊन काका आमच्या ओळीत आले, तोवर त्यांचा प्राध्यापकी रंग परत आला होता. “तात्त्विकदृष्ट्या बघितलं तर,” ते म्हणाले, “व्यवस्था टिकलीच. फक्त पानांची जागा बदलली. म्हणजे माझा सिद्धान्त सिद्धच झाला.” आणि त्यांनी डाव वरवर फिरवून माझ्या पानावर रस्सा आणि बटाट्याची फोड घातली.

काजू जड असतात. खाली बसतात. हे वाढणाऱ्याला माहीत असतं.

ते पुढे सरकणार तोच मी हाताने त्यांना थांबवलं.

“काका,” मी म्हटलं, “तळातून.”