ज्याला बसतील तो

सकाळी दार उघडलं तर पायरीवर बूट. काळे, नवे, टोकं घराकडे.

कोण ठेवून जातं, ते कुणी पाहिलेलं नाही. संध्याकाळपर्यंत घरातल्या ज्याला बसतील, त्याने लढायला जायचं. एकदा जाऊन आलेल्याला ते पुन्हा बसत नाहीत. कुणालाच बसले नाहीत, असं आजवर घडलेलं नाही.

थोरल्याने पाय घातला.

"काढ," मी म्हणाले. "बसले नाहीत."

"आई, बसले की."

"बूट मी शिवते की तू?"

नवरा खुर्चीतून म्हणाला, "जाऊ दे त्याला. आपण नाही तर कोण जाणार? मी गेलो होतो ना?"

"गेलात तुम्ही. परत कोण आलं, ते मला विचारा."

आल्यापासून तो मोजे काढत नाही. झोपेतही.

(मध्येच शेजारीण, खिडकीतून: "आमचा गेला तेव्हा म्हणालीस, अभिमान वाटतो. आता वाटू दे की!" मी खिडकी लावली. तिचं काय चुकलं?)

पुढची खोली म्हणजे माझं दुकान. तळाची शिवण उसवली. कातडं भिजवलं, कडेने कापलं. बूट ज्या लाकडी पावलावर आकार घेतो त्याला आम्ही फर्मा म्हणतो. कपाटातला सगळ्यात लहान फर्मा आत ठोकला. थोरल्याची टाचसुद्धा जाणार नाही. माझीही नाही. धाकटीचा पाय याहून लहान, माप मीच घेतलं होतं.

कधी?

सगळ्या गावाचे पाय मोजते मी. धाकटी मात्र भावाचे जुने बूट, पुढे कापूस कोंबून घालते. तिचा पाय मी कित्येक महिन्यांत बघितलाच नव्हता.

दुपारी ती शाळेतून आली. मी हात धुवायला आत गेले.

टक. टक. टक. टक.

एका जागी. ताल धरून.

धाकटी दुकानात उभी, पायांत बूट, नजर समोर. नाड्यांना घट्ट, चपटी गाठ. तिला नाडी बांधता येत नाही.

"आई, छान बसलेत गं. कुठे जायचंय?"

नवरा दारात आला. ती गाठ त्याने लगेच ओळखली.

"एवढीला नेत नाहीत," तो म्हणाला. मग अगदी हळू, "आमच्यात एक होता. एवढासाच."

त्याने धाकटीला खांद्यांनी धरलं.

मी गाठ कापली, बूट ओढून काढले. आतून उबदार होते. तिच्या पायांपेक्षा जास्त. फळीवर घरातल्यांचे फर्मे. कापलेलं कातडं पुन्हा वाढत नाही, हे कुठलाही शिकाऊ सांगेल. पण हे बूट वाट बघत होते. मोठा फर्मा नुसता तोंडाशी धरला तर कातडं सैल झालं, जांभई दिल्यासारखं.

"माझा ठोक," थोरला म्हणाला. "मला बसलेच होते."

"सकाळीच सांगितलं ना? तुला बसले नाहीत."

मी माझा फर्मा घेतला. एकच घाव पुरला.

बाहेर उजेड उतरत होता. मी पाय घातले. नवरा गुडघ्यांवर बसला आणि नाड्यांना हात लावणार, तोच त्या आपल्या आपण आवळल्या. त्याने हात मागे घेतला नाही. माझा घोटा धरून राहिला.

"धाकटीचं माप घे," मी थोरल्याला म्हणाले. "आजच."

बुटांची टोकं दाराकडे वळली होती. मी वळवली नव्हती.