लेवोलेबाचा हिरवा दिवा

पाक सुतेजोंनी पिवळ्या भाताच्या डोंगराचं टोक सुरीने अलगद कापलं, ताटलीत ठेवलं आणि ताटली बू निंग्रुमच्या हातात दिली. टाळ्या वाजल्या. तिकडे मानाने पुरुषाला पाक म्हणतात आणि बाईला बू. टोकाचा भात ज्याला मिळतो, त्या दिवसाचा मान त्याचा. औषधं पुरवणाऱ्या कंपनीचे संचालक सुतेजो तो मान पुरवठा खात्यातल्या बाईला देतील असं सुराबायाच्या त्या सभागृहात कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, आणि तिच्या तर नव्हतंच नव्हतं. तिने हसून मान लववली. तेवढ्यात तिचा फोन थरथरला.

निरोप बंदरावरच्या गोदामातून होता. लेवोलेबाच्या डेपोची इन्सुलिनची पेटी नवी यंत्रणा जादा दाखवते आहे, मलांग शहराला पाठवा म्हणते आहे. ट्रक दाराशी उभा आहे. भरू का?

निंग्रुमने वर पाहिलं. भिंतभर पडद्यावर पूर्वेकडची बेटं पसरली होती आणि कंपनीच्या प्रत्येक डेपोवर हिरवा दिवा लागला होता. लेवोलेबावरही होता. हिरवा म्हणजे माल पोचला. आणि पेटी तर इथेच पडलेली! समुद्र खवळलाय म्हणून जहाजच सुटलं नव्हतं.

ही यंत्रणा तिनेच उभी केली होती, घरदार विसरून. काम तसं सरळ होतं. माल हातात आला की डेपोवाल्याने फोनवर बटण दाबायचं, दिवा हिरवा होणार, मागणी आपोआप बंद. मग कुठे काही पडून राहिलेलं दिसलं तर यंत्रणाच ते गरजेच्या जागी वळवणार, कोणाला विचारत बसणार नाही. त्या न विचारण्याचंच कौतुक पाक सुतेजो आत्ता माईकवर तोंडभरून करून गेले होते.

ताटली हातात तशीच धरून ती व्हरांड्यात आली आणि तिने लेवोलेबाला फोन लावला. तिथला डेपो नादुस कोतेन सांभाळायचे. वयाने तिच्या वडिलांएवढे, पण अदबीने वागणारे.

"पाक नादुस, इन्सुलिन पोचलं का?"

"पोचलं ना, बू. हिरवं केलंय मी."

"जरा फ्रिज उघडून बघा."

पलीकडे एक कोंबडा आरवला. खुर्ची सरकल्याचा आवाज काही आला नाही.

"उघडून काय बघायचं, बू. पाण्याच्या बाटल्या आहेत आत."

"मग हिरवं का केलंत?"

"तुम्हीच फोन केला होतात की. मोठे साहेब बघणार आहेत, सगळं हिरवं दिसू दे म्हणालात. म्हटलं, चार माणसांत तुमची मान खाली जायला नको."

तिला आठवलं. डेपोडेपोला तिने स्वतः फोन केले होते, लाडीगोडी लावून. बटण दाबायला आळस करू नका, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण वरून शब्द आला की खालचा माणूस तो कसा उचलतो, हे तिला का माहीत नव्हतं? तीही याच मुलखात वाढलेली. साहेबांचं मन मोडायचं नाही, हे आईच्या दुधाबरोबर प्यालेली.

नादुसच्या बायकोला, तेरेसियाला, रोज इन्सुलिन लागतं हे तिला माहीत होतं. मागच्या भेटीत त्याच बाईने तिला आग्रह करकरून मासे वाढले होते.

"घरी आहे ना तिच्यापुरतं?" तिने विचारलं.

"शेवटची बाटली आहे. कमी कमी घेते. सकाळपासून जरा झोपाळल्यासारखी करते, बाकी ठीक." मग ते घाईघाईने म्हणाले, "तुम्ही जेवून घ्या, बू. आज तुमचा दिवस आहे. गावात बाकीचे विचारतात, त्यांना मी सांगतो, जहाज येतंय म्हणून."

निंग्रुमने फोन ठेवला. तिने बंदरावर फोन करून पेटी अडवायला सांगितली. तिथला माणूस म्हणाला, माझ्या हातात काय आहे, बू? गेटपास मलांगचा निघालाय, यंत्रणेत मागणी बंद दिसतेय, मी ट्रक रोखला तर माझीच नोकरी जाईल.

दिवा परत लाल करणं डेपोवाल्याच्याही हातात होतं, पण बंद झालेली मागणी पुन्हा उघडायची सोय एकाच ठिकाणी होती, सभागृहातल्या पडद्याखालच्या संगणकावर. पाहुणे जाईपर्यंत थांबावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. आलं, हे खोटं कशाला बोला. नोकरी गेली तर दोन्ही मुलांच्या शाळेचं काय, सुतेजोंना तोंड कसं दाखवायचं, हेही आलं. ट्रक मात्र तोवर थांबणार नव्हता. ती आत गेली. पाहुणे जेवत होते. तिने ताटली टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि मागणी उघडून लेवोलेबाचा दिवा लाल केला.

एवढ्या हिरव्यात तो एकच लाल ठिपका डोळ्यांत खुपत होता. चमच्यांचा आवाज हळूहळू थांबला. पाक सुतेजो हात पुसत तिच्याशेजारी येऊन उभे राहिले.

"काही बिघाड आहे का?" त्यांनी पाहुण्यांकडे हसून बघत हळूच विचारलं.

"नाही, पाक. तिथे माल पोचलेला नाही. मीच सगळं हिरवं दिसू दे म्हणाले होते, म्हणून त्यांनी हिरवं केलं. चूक माझी आहे."

त्यांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. आता हे काय बोलतात, या धास्तीने तिने मान खाली घातली. ते पडद्याकडे बघत होते.

वाइंगापूच्या डेपोचा दिवा लाल झाला होता.

हाच पडदा बेटाबेटावर प्रत्येक डेपोत दिसत होता. एकट्याने लाल व्हायला कोणाचाच जीव धजला नव्हता. आता लेवोलेबाचा दिवा त्यांनी पाहिला होता. मग कालाबाहीचा दिवा लाल झाला. साउमलाकी. तुआल. कोणी ओरडलं नाही, कोणी फोन केला नाही, नुसते दिवे बदलत गेले, आणि थोड्या वेळाने पडद्यावर हिरवा दिवा शोधावा लागू लागला. निंग्रुमला वाटलं होतं की एक फ्रिज रिकामा आहे.

"बू निंग्रुम," पाक सुतेजोंचा आवाज अगदी बारीक झाला होता, "मग या सगळ्यांचा माल आहे तरी कुठे?"

पहाटेपासून बंदराच्या दारातून यंत्रणा सांगेल तिकडे ट्रक सुटत होते.