'ताल धमाका', रविवार, चार वाजता

त्या वर्षी आमच्या फुलचुरात रविवारी साडेतीन ते साडेपाच वीज जायची. भारनियमनाला सगळं गाव शिव्या घालायचं. मी मात्र त्याच्याच भरवशावर नाचले.

गोंदियाच्या लोकल केबलवर 'ताल धमाका' अकरा वर्षं चालला होता. चौदा ते अठराची पोरंपोरी, नवी गाणी, दर रविवारी चारला. तो पाहतच मी मोठी झाले. पण शाळेच्या गॅदरिंगनंतर बाबांनी बजावलं होतं, "पुन्हा नाचताना दिसली त कालेज बंद. अक्षय्य तृतीयेले लगन." बाबा बोलतात ते करतात. ताईचं केलंच होतं.

तरी बुधवारी अकरावीचा वर्ग बुडवून मी शूटिंग करून आले. फक्त आईला माहीत होतं.

रविवारी साडेतीन वाजले, पंखा फिरतच राहिला. पावणेचार झाले.

"लाइन काऊन नाही गेली वं?" मी आईला विचारलं.

"मंत्री येऊन राहिला गोंदियाले," बाबाच ओसरीतून बोलले आणि खुशीत आत येऊन त्यांनी टीव्ही लावला. मेला मंत्री! वर्षभर अंधार आणि नेमका आजच उजेड.

बाबा बातम्या पाहत होते. मी टीव्हीमागची केबल उपटायला हात घातला, तोच शेजारची नंदाबाई धावत आली. "पुरनलाल भाऊ, उर्वशी टीव्हीवर येऊन राहिली! लोकल लावा ना!"

बाबांनी लावलं. निळ्या घागऱ्यात मी नाचत होते. तीन मिनिटं बाबांची पापणी हलली नाही. कॉलेज गेलं, आता मार, मग लग्न.

नाच संपला. अँकरने माइक पुढे केला, "पूरा नाम बताओ!"

पडद्यावरची मी हसून म्हणाले, "उर्वशी गुलाबचंद कटरे."

"हे त इच्या मामाचं नाव होय!" नंदाबाई म्हणाली. नाव ऐकून कुणी बाबांपर्यंत पोचू नये म्हणून मीच ती शक्कल लढवली होती.

बाबांनी टीव्ही बंद केला. मी गाल पुढे करूनच उभी राहिले.

"कालेजात जाजो," ते म्हणाले. "नाचायचं त नाच." मग बंद टीव्हीकडे पाहत म्हणाले, "पण मी जिता आहो ना, पोरी? माहं नाव कायले पुसलं?"