दिवा काढ

अर्धांगाचा झटका आल्यापासून मिस्त्रींच्या तोंडून भलतेच शब्द यायचे. डोक्यात सगळं जागच्या जागी असायचं, पण जिभेवर येईपर्यंत शब्दांची अदलाबदल व्हायची. पाणी हवं असलं की ते 'खिडकी' म्हणायचे. एकदा त्यांनी बायकोला 'भाऊसाहेब' अशी हाक मारली. तेव्हा ती शिवणयंत्रावर डोकं टेकून हसली आणि तेही हसले. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका सकाळी गेली, दात घासता घासता. हसणं तेवढं शाबूत राहिलं होतं.

त्याआधी एकतीस वर्षं त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या होत्या. गॅरेजमध्ये त्यांचा एक भागीदार होता. अंगाने पिंपासारखा, म्हणून सगळे त्याला पिंपच म्हणायचे. झटक्यानंतर तो भेटायला आला, खुर्ची ओढून समोर बसला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "ओळखलंस का मला? मी कोण?"

मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तो गेल्यावर पाच-सहा चुकीचे शब्द खर्चून त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, की हा माणूस या घरात परत नको. आणि आपली गाडी त्या गॅरेजात न्यायची नाही.

बायको घरीच लोकांचे कपडे शिवायची. गाडी चालवायला तिला लग्नानंतर मिस्त्रींनीच शिकवलं होतं. आता दर सोमवारी आणि गुरुवारी ती त्यांना शेजारी बसवून चढावरच्या इस्पितळात न्यायची. तिथे एक ताई त्यांच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायची आणि दुसरी चित्रांचे पत्ते दाखवून बोलायला लावायची.

एका गुरुवारी गाडी त्या चढावर धापा टाकायला लागली. पाय पूर्ण दाबला तरी जोर येईना. अर्ध्यात येऊन ती बंद पडली आणि मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा गोंगाट मांडला. बायकोच्या कपाळावर घाम आला. मिस्त्री मात्र मान तिरकी करून ऐकत होते. गाडी कशीबशी पुन्हा चालू होऊन घरी आल्यावर ते काठी टेकत हत्यारांच्या पेटीपाशी गेले, डाव्या हाताने तळ ढवळला आणि मुठीएवढा एक जुना डबा काढून तिच्या हातात ठेवला. दोन्ही टोकांना नळी, बाजूला बाण.

"बिस्कीट," ते म्हणाले.

"फिल्टर," ती म्हणाली. "पेट्रोलचा. हा तुंबलाय आपल्या गाडीत?"

त्यांनी इतक्या जोरात मान हलवली, की तिला त्यांच्यासाठी बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्यांचं म्हणणं पहिल्या फटक्यात पोचलं होतं. तो डबा दाखवून तिने दुकानातून तसाच नवा आणला.

रविवारी दुपारी तिने गाडी चालू करून घराच्या सावलीत, फरशीवर आणून उभी केली. बॉनेट उघडलं. मिस्त्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, काठी मांडीवर आडवी ठेवून. तिने त्यांचाच जुना डगला घातला होता, बाह्या दुमडून. नळापाशी हात धुवायला पाण्याची बादली भरून ठेवली होती. चार वाजता एक गिऱ्हाईक कपडे अंगाला लावून बघायला येणार होतं आणि त्या कपड्यांच्या बाह्या अजून जोडायच्या होत्या. तेवढ्यात हे उरकायचं असं तिने ठरवलं होतं.

फिल्टर इंजिनाच्या मागच्या बाजूला, सहज हात पोचेल असा होता. मिस्त्रींनी बोटाने गाडीचा मागचा भाग दाखवला. टाकीचं झाकण सैल करायचं, हे तिला कळलं आणि तिने ते केलं. मग ती पाना घेऊन वाकली तशी ते म्हणाले, "दिवा."

तिने घरातून विजेरी आणली. त्यांनी डोकं हलवलं.

"दिवा काढ."

"डोळ्यांवर येतोय का उजेड?" तिने विजेरी विझवून खिशात घातली. "हं, काढला."

"नाही. दिवा. दिवा काढ." त्यांनी डावा हात लांब करून गाडीच्या आत, स्टिअरिंगच्या बाजूला दाखवलं.

"आत बसायचंय? जरा थांबा हो. हे होऊ दे, मग बसवते तुम्हाला."

त्यांनी काठी फरशीवर आपटली. चेहरा लाल झाला. "दिवा, दिवा, दिवा."

इथे खरं सांगायला हवं, कारण पुढे तिनेही ते कधी लपवलं नाही. गेल्या आठ महिन्यांत तिला एक सवय लागली होती. कळलं नाही तरी ती 'हो हो' म्हणायची. दिवसातून पंचवीस वेळा तेच कोडं सोडवून ती थकली होती आणि 'हो हो' म्हटलं की बहुतेक वेळा ते गप्प व्हायचे. ती म्हणाली, "हो हो, कळलं," आणि नळीच्या जोडावर पाना लावून जोर दिला.

जोड सुटला तसं पेट्रोल पिचकारीसारखं उडालं, सरळ तिच्या डोळ्यांत. ती मागे कोलमडली. डोळ्यांत कोणी निखारे चोळावेत तसं झालं आणि पुढचं काही दिसेना. तिला फक्त ऐकू आलं. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पावलं. काठीशिवायची, एक पाय ओढत टाकलेली. मग काहीतरी जड पडलं आणि मिस्त्रींच्या घशातून एक आवाज निघाला.

"पडलात का? अहो, पडलात का तुम्ही?"

फरशीवरून काहीतरी घासत येत होतं. बादलीची कडी वाजली. मग तोंडावर पाणी आलं, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा, आणि कानाशी त्यांचा आवाज, "दिवा. दिवा. दिवा."

शेजारचा पोस्टमन आवाज ऐकून कुंपणावरून आला. त्याने दोघांना आपल्या गाडीत घातलं. बादली ओढणारा मिस्त्रींचा डावा हात मनगटाशी वाकडा झाला होता, हे त्यालाच आधी दिसलं.

तिचा उजवा डोळा आठवड्यात बरा झाला. डाव्या डोळ्यापुढे धुकं राहिलं आणि ते जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मिस्त्रींचं मनगट मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. एक हात आधीच गेलेला, दुसरा असा बांधलेला. आता तोंड पुसायलाही तीच. एका डोळ्यावर पट्टी बांधून ती त्यांना घास भरवायची आणि ते चावता चावता तिच्या पट्टीकडे बघत राहायचे.

गाडी बॉनेट उघडं टाकून तशीच उभी होती. शेवटी तिने पिंपला बोलावलं. तो आला, गाडीत डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, आधी फ्यूज नाही काढलात? पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढायचा, गाडी आपोआप बंद पडेस्तोवर चालवायची. मग लाइनमधला दाब उतरतो. हे तर मिस्त्रींनीच मला शिकवलं."

"कुठे असतो फ्यूज?"

"हा इथे, स्टिअरिंगच्या खाली."

ती फरशीवरच बसली. पिंपने खाली पडलेला पाना उचलला.

वीस मिनिटांत त्याने काम उरकत आणलं. शेवटचा पेच आवळण्याआधी तो खिडकीशी गेला. आत मिस्त्री बसले होते. या वेळी तो नेहमीच्या आवाजात बोलला. "मिस्त्री, बाण इंजिनाकडे केलाय. बरोबर ना?" मिस्त्रींनी मान डोलावली. पिंपने परत जाऊन तो पेच आवळला.

पुढच्या सोमवारी गाडी चढ एका दमात चढली. चित्रांच्या ताईने पत्ते मांडले. कप, पक्षी, किल्ली. मिस्त्रींनी तोंड उघडलं नाही. चुकीचंसुद्धा काही बोलले नाहीत. गुरुवारीही नाही. महिन्याभराने ताई बाजूला येऊन म्हणाली, "जमत नाही असं नाही, काकू. ते प्रयत्नच सोडून बसलेत. थकले असतील. आपण थोडे दिवस हे थांबवू या का?"

परत येताना बायकोने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली.

"तुमचा शब्द चुकला असेल," ती म्हणाली. "पण तुम्ही बोट दाखवत होतात. काठी आपटत होतात. मी बघितलंच नाही. मला कळलं नव्हतं आणि मी कळल्यासारखं केलं. डोळा माझ्यामुळे गेला, तुमच्यामुळे नाही. ऐकताय ना?"

ते ऐकत होते. त्यांनी प्लास्टरमधल्या हाताची बोटं उचलून तिच्या डाव्या गालाला लावली आणि मान हलवली. होकारार्थी नाही, नकारार्थी. तिने पुन्हा समजावलं. त्यांनी पुन्हा तशीच मान हलवली. तिसऱ्यांदा अर्धंच सांगून तिने गाडी चालू केली.

दोन वर्षांनी त्यांना दुसरा झटका आला आणि त्यातून ते उठले नाहीत. मधल्या काळात ते एक शब्दही बोलले नाहीत. काही हवं असलं तर बोट दाखवायचे आणि बोटानेही भागलं नाही तर सोडून द्यायचे. ती मात्र त्यांना विचारत राहिली, चहा आत्ता की नंतर, पंखा राहू दे का, आज कोणता सदरा. विचारून झालं की यंत्रावरचा पाय काढायची, हातातलं कापड खाली ठेवायची आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबायची. गिऱ्हाईक दारात उभं असलं, तरी थांबायची.