मालकीणबाईंची सही

चिखलीत मी कर सल्लागार म्हणून बसते आणि हल्ली लोकांचे खर्च पाहून मला शिसारी येते. कुणी बायकोच्या साड्या दुकानाच्या खर्चात टाकतो, कुणी मेव्हण्याच्या लग्नाचा मांडव जाहिरातीत दाखवतो. पण अविनाशपुढे ही मंडळी साधीभोळीच म्हणायची.

अविनाशचं नळ-पाइपांचं दुकान आहे. घर त्याच्या आईच्या, रुखमाबाईंच्या नावावर. पुढे दुकान, मागच्या खोलीत आई. वडील गेल्यावर घर त्यानं तिच्याच नावावर राहू दिलं, ते काही मायेपोटी नव्हे. घर स्वतःचं झालं की दुकानाचं भाडं खर्चात दाखवता येत नाही, आईचं असलं की येतं. भाडं दर महिन्याला तिच्या खात्यात जमा व्हायचं, अगदी रीतसर. अकरा महिन्यांचा करार संपला की नव्या करारावर तो घरूनच तिची सही आणायचा. कागदोपत्री कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

या वेळी करार ऑनलाइन नोंदवायचा होता. मालकिणीचा फोटो आणि अंगठा लागतो, त्यांना घेऊनच या, असं मी त्याला बजावलं.

तो आला, पण येताना नवी टूम घेऊन आला. मागची खोलीही गोडाऊन म्हणून करारात घाला, तेवढाच खर्च वाढेल. मग आई कुठे राहणार, असं मी विचारलं. वडनेर भोलजीला, माझ्या बहिणीकडे, म्हणाला. जुना माल परत पाठवायचा असावा असा त्याचा सूर होता. रुखमाबाई शेजारच्याच खुर्चीत बसल्या होत्या. हे त्यांच्याही कानावर पहिल्यांदाच पडत होतं, ते त्यांच्या तोंडावरून कळलं.

त्यांनी मला कागद वाचून दाखवायला सांगितलं. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर दिसत नव्हतं. ऑपरेशनला पैसे नाहीत, फुकटचं शिबिर लागलं की नेतो, असं अविनाश कधीपासून सांगत होता. मी वाचू लागले. भाड्यापाशी त्यांनी मला थांबवलं.

"हे पैसे कोणाले भेटतात?"

"तुम्हाला. तुमच्याच खात्यात येतात."

त्यांनी मान अविनाशकडे वळवली.

"माय, ते नुसतं दाखवाले असते," अविनाश म्हणाला. "एटीएम कार्ड मायाजवळच हाय. तू काय करतं पैशाचं?"

हे त्यानं हसत हसत सांगितलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही दोघं एकाच टोळीतले. मला इतकी किळस आली की समोरचा चहा मी बाजूला सारला. एका हातानं द्यायचं, दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, वर त्यावर करही वाचवायचा. आणि जिची नजर जात चालली आहे तिला शिबिराची वाट पाहायला लावायची. मी त्याला तोंडावर सांगितलं, की परत तुमच्याच खिशात आलेलं भाडं हा खर्च नव्हे, आणि माझ्याकडून तो दाखवला जाणार नाही. सगळेच दाखवतात, मी दुसरा सल्लागार पाहीन, असं तो म्हणाला. पाहील, आणि त्याला मिळेलही, हे मला ठाऊक होतं.

रुखमाबाईंचं आमच्या भांडणाकडे लक्ष नव्हतं.

"म्या अंगठा नाही देला त काय होते, बाई?"

मी सांगितलं, जुना करार या महिन्यात संपतो. त्यानंतर जागा कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवायचं.

अविनाशचं हसू मावळलं. घरी चल, घरी बोलू, म्हणत त्यानं त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि त्याच्यापुढे हात पसरला.

"कार्ड दे माहं. आन् दुकान खाली कर."

"माय, मी तुया पोरगा हाओ."

"कागदावर त भाडेकरू लिवेल हाय."