दोनशे ऐंशी दिवस

टाचणी दोन्ही कागदांतून आरपार गेलेली — वर नवऱ्याच्या, रंगरावच्या, मरणाच्या नोंदीची नक्कल, खाली पोरीच्या, कोकिळेच्या, जन्माची — आणि नारायणराव वकील बोलता बोलता अंगठ्यानं तिचं डोकं दाबत होते. मेहकरच्या कचेरीच्या ओट्यावर बसलेल्या मनकर्णाबाईला दुसरं काही दिसत नव्हतं. पोर रंगरावची नाही, म्हणून शेत आपलं, असा दावा दिरानं लावला होता.

"नवरा गेल्यापासून दोनशे ऐंशी दिवसांच्या आत मूल झालं, तर कायदा ते त्याचंच धरतो. कोतवालाच्या जन्म-मरणाच्या पुस्तकाप्रमाणे दोनशे पंच्याण्णव होतात. कोतवाल तेव्हा आजारी होता म्हणता... नागपंचमीचा जन्म त्यानं पंधरा दिवसांनी लिहिला असेल. मी सांगत नाही. तुम्हाला आठवेल ते सांगा. शपथेवर खोटं ठरलं, तर पोरीचं शेत जाईल आणि तुम्ही तुरुंगात."

आठवतं ते वेगळंच — मानमोडीची साथ, दाराशी तिरडी. मयत उचलण्याआधी विधवेनं पोटात असलेलं चारचौघांत सांगायचं, नाहीतर पुढे मुलावर बोट. मंजुळाबाई सुइणीनं विचारलं, आणि दिराची, महादेवरावची, नजर पाहून — हा उद्या आपल्याला माहेरी घालवणार, शेत घेणार — मनकर्णाबाई म्हणाली, "हाव, दुसरा महिना."

पोटात काही नव्हतं. ते बोलणं खरं करणं भाग होतं. महिन्याच्या आत शेजारच्या तुळशीरामच्या मळ्यात ती आपल्या पायांनी गेली, त्यानं बोलावलं नव्हतं... पुढल्या साली पटकीनं तोही गेला. कोकिळा झाली तेव्हा पोळ्याला नऊ दिवस होते. नागपंचमीला तर मनकर्णाबाई वारूळ पुजायला गेली होती, भरल्या पोटानं, आणि चढावर हात धरला होता जावेनं, सरस्वतीबाईनं — जी आता समोर लिंबाखाली, महादेवरावच्या बाजूनं साक्षीला म्हणून, डोईवर पदर घेऊन बसली होती.

महादेवराव जवळून गेला. "काऊन वहिनी, बोटं मोजून राह्यल्या काय? पंधरा सालं झाले, अजून जुळलं नाही?"

कोकिळा मनकर्णाबाईकडे सरकली. येत्या वैशाखात तिचं लग्न. सोयरीक शेत पाहूनच जुळलेली.

"माय, तू काऊन भेतं? खरं हाय तेच सांगजो. काकाचं तोंड बंद होते."

मनकर्णाबाईनं मान हलवली. सकाळपासून भीती कचेरीची होती. आता ती शेजारी बसलेल्या पोरीची वाटू लागली, आणि शिपायानं नाव पुकारावं, लवकर पुकारावं असं तिला झालं — कोकिळा पुन्हा काही बोलण्याआधी.