गर्दीचा आवाज

त्या कार्टून सिनेमाच्या पहिल्या भागातल्या म्हाताऱ्या साळिंदराला मराठीत माझ्या बाबांचा आवाज होता. बाबा, म्हणजे हेमचंद्र, जिल्हा परिषदेत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी नाटकात कामं. मुंबईच्या स्टुडिओला गावाकडचा वाटेल असा आवाज हवा होता, म्हणून त्यांना बोलावलं गेलं. साळिंदर 'इथं', 'तिथं', 'लई' असं बोलायचं. आमच्या सिडकोतल्या गल्लीत मुलं बाबांना साळिंदरकाका म्हणायची.

बाबांना जाऊन दीड वर्ष झालं. दुसऱ्या भागात साळिंदराचा आवाज वेगळा असणार हे आईला आणि मला माहीत होतं. तरी पहिल्याच शुक्रवारी गेलो.

सिनेमा वाईट होता. पूर्वी साळिंदर बोलण्याआधी थांबायचं, काटे जरा सळसळायचे, मग वाक्य यायचं. आता ते धाप न लागता डोंगर चढत होतं, दर दोन वाक्यांना विनोद करत होतं आणि तीनदा नाचलं. नवा आवाज गुळगुळीत होता. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं आपल्या आईला विचारलं, "हा तो नाहीये ना?"

मध्यंतरानंतर प्राण्यांचा कळप नदी ओलांडतो. पाण्याचा खळखळाट, शेकडो प्राण्यांचा गलबला. त्या गलबल्यात, डावीकडच्या स्पीकरमधून, बाबांनी विचारलं, "मृण्मयी आली का?"

जेमतेम दोन सेकंद. मग रेडा डुरकला आणि सगळं त्यात बुडालं.

मी आईकडं पाहिलं. ती समोर बघत होती. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, नदीच्या सीनमध्ये तुला काही ऐकू आलं का. नाही म्हणाली. तुझे बाबा असते तर मध्यंतरातच उठले असते, एवढंच म्हणाली.

माझं नाव असलेलं ते बाबांचं वाक्य मला पाठ होतं, पण त्यांच्या तोंडून मी ते ऐकलेलं नव्हतं. बाबांना हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी मी पुण्याला होते, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. आईचा फोन दहाला आला. प्रयोग मध्येच सोडला असता तर तीन दिवसांची रीडिंग्ज वाया गेली असती. मी तो पुरा केला आणि बाराची बस घेतली. बाबा साडेचारला गेले, मी साडेपाचला पोचले. दर थोड्या वेळानं ते हेच विचारत होते, असं आईनं नंतर सांगितलं. मी तिला सांगितलं की नगरच्या अलीकडं बस बंद पडली होती.

बस बंद पडली नव्हती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी स्टुडिओचा नंबर मिळवून फोन केला. तिथल्या सखाराम नावाच्या ध्वनिमुद्रकांना बाबा आठवत होते. घाई होती, त्यामुळं दुसऱ्या भागात गर्दीचा आवाज जुनाच वापरलाय, असं ते म्हणाले. तो कसा करतात तेही त्यांनी सांगितलं. सगळे कलाकार माइकभोवती उभे राहतात आणि काहीही पुटपुटतात. एकच नियम असतो, कुठलाही शब्द स्पष्ट कळता कामा नये.

"तुमचे बाबा नवीन होते," ते म्हणाले. "बाकीचे अगडम्‌बगडम् बोलायचे. हे मात्र घरचंच बोलत राहायचे, दूध घेतलं का, दार लावलं का. दोनदा टोकलं मी त्यांना."

म्हणजे पहिल्या भागाच्या वेळी, तेव्हा मी शाळेत होते, आणि उशिरा यायचे ते फक्त क्लासवरून.

पहिल्या भागाची आमच्याकडं डिस्क आहे. हेडफोन लावून त्यातला गर्दीचा प्रत्येक सीन मी चाळीस वेळा ऐकला. नुसता गलबला. सलग गोंगाटात माणसाला स्वतःचं नाव सापडतं, हे मला माहीत आहे. प्रयोगशाळेतल्या पंपातही मला कधीकधी कुणी हाक मारल्यासारखं वाटायचं. शिवाय मी एकटीच साक्षीदार होते, आणि ज्याला ऐकायचंच आहे त्याची साक्ष धरत नाहीत.

सिनेमा पडला. गुरुवारी दुपारी बाराचा शेवटचा खेळ होता. आई पैठणला मावशीकडं जाते म्हणून सकाळीच निघाली होती. मी डाव्या भिंतीलगतचं तिकीट काढलं. आत सात माणसं होती. मी मोजली. सातवी, माझ्यापुढं चार रांगा सोडून, आई होती.

शेजारच्या खुर्चीवर तिनं पर्स ठेवली होती. तिनं मला पाहिलं नव्हतं. मी तिला हाक मारली नाही, कारण आता माझ्याकडं दुसरा साक्षीदार होता, आणि मी काहीही बोलले तर साक्ष बिघडली असती. हा विचार मी खरंच केला.

साळिंदर तिसऱ्यांदा नाचलं. नदी आली. गलबला सुरू झाला.

"मृण्मयी आली का?"

"निघालीये हो," आई पडद्याकडं बघत, घरात बोलावं तशी म्हणाली. "येईलच आता."

माझ्या हातांवर काटा आला. मी उठले, अंधारात चाचपडत चार रांगा उतरले. आई दचकली नाही. तिनं पर्स उचलून मांडीवर घेतली.

"आई, बस बंद पडली नव्हती," मी म्हणाले. "मी प्रयोग संपवून निघाले."

तिनं मान वर केली नाही. पडद्यावरचा उजेड तिच्या चष्म्यावर हलत होता.

"बस," ती म्हणाली.

मी बसले. कळप अजून पाण्यात होता, गलबला चालूच होता. आम्ही दोघी शेवटचा प्राणी काठाला लागेपर्यंत कान देऊन ऐकत राहिलो. बाबांनी पुन्हा काही विचारलं नाही.